झिल्बरमान घराण्याचा ऑर्गन-कारखाना व त्याचें दफ्तर

(१)

कारागिराचें कसब पित्याकडून पुत्राकडे जातें तें हातानें व कानानें. लेखणीचा तेथें संबंध नाहीं, अशी आपणां संशोधकांची सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळें सनदा, करीने, महजर व जमाखर्च यांचे रुमाल आपण ज्या आस्थेनें सोडतों, त्या आस्थेनें सुताराची किंवा तांबटाची वही कोणी उघडून पाहत नाहीं. या समजुतीस बाध आणणारें एक उदाहरण युरोपच्या इतिहासांत आहे. अठराव्या शतकांत सॅक्सनी व ऱ्हाईन नदीकांठचा अल्सेस, या परस्परांपासून दूर असलेल्या दोन प्रांतांत झिल्बरमान नांवाच्या एकाच घराण्यानें नळ्यांचे मोठे ऑर्गन बांधण्याचे कारखाने चालविले. घराण्याच्या एका शाखेनें उत्तम वाद्यें मागें ठेविलीं. दुसरीनें वाद्यांबरोबर कागदही ठेविले. या दोन प्रकारच्या वारशांपासून इतिहासास काय मिळालें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

(२)

प्रथम वाद्याविषयीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. ऑर्गन म्हटला कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें संगीत नाटकाच्या रंगभूमीसमोरील पायपेटी उभी राहते. पायपेटी काय किंवा हातपेटी काय, त्यांतील नाद हवेच्या झोतानें कांपणाऱ्या धातूच्या लहान जिभांपासून निघतो. युरोपांतील चर्चमधला ऑर्गन याहून निराळा. त्याच्या बहुतेक नळ्या वेणूच्या जातीच्या, म्हणजे मुखापाशीं हवा कापली जाऊन वाजणाऱ्या असतात. कांहींत मात्र जिभाही असतात. नाट्यशास्त्रांतील चतुर्विध विभागणी लावावयाची तर हें सुषिर वाद्यांचें एक मोठें कुटुंबच एका पेटाऱ्यांत बसविलेलें आहे.

याची रचना अशी. भात्यांतून येणारी हवा एका वायुपेटींत सांठवितात. पेटीवर नळ्यांच्या ओळी उभ्या असतात. एका ओळींतील सर्व नळ्या एकाच जातीच्या, व वाजविण्याच्या प्रत्येक पट्टीस त्या ओळींत एक नळी, असा सामान्य नियम आहे. वादकानें खुंटी ओढली कीं त्या ओळीखालची भोकें पाडलेली फळी सरकून हवेची वाट मोकळी होते. पट्टी दाबली कीं त्या पट्टीचा पडदा उघडतो. दोन्ही गोष्टी जुळल्या तरच नळी बोलते. नळी निम्म्या लांबीची केली तर तोच स्वर वरच्या सप्तकांत लागतो. आठ फुटी म्हणून जी मुख्य ओळ असते, तींतील सर्वांत मोठी नळी सुमारें आठ फूट लांब व सर्वांत लहान नळी कांहीं इंचांची असते. हातांनीं वाजविण्याच्या पट्ट्यांचे दोन-तीन थर व पायांनीं वाजविण्याच्या मोठ्या पट्ट्यांचा एक थर, अशी मोठ्या वाद्याची मांडणी असे. भाते चालविण्यास वेगळीं माणसें लागत.

नळ्या कथील व शिसें यांच्या मिश्रणाच्या किंवा लाकडाच्या करीत. मिश्रणांत कथील किती, नळीचा घेर लांबीच्या मानानें किती, मुखाची उंची किती, हवेचा दाब किती, यांवर नादाचा गुण अवलंबून असतो. बाहेरून दिसणारी नळी सारखीच. परंतु मुख केसभर अधिक कापलें गेलें तर नाद बदलतो, आणि एकदां कापलेलें पुन्हा भरतां येत नाहीं. म्हणून हीं मापें हेंच या धंद्याचें खरें भांडवल होय. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व हकीकत याभोंवतीं फिरते.

(३)

घराण्याचा मूळ पुरुष मिखाएल झिल्बरमान हा सॅक्सनींतील सुतार. फ्राउएनस्टाइन गांवाजवळील क्लाइनबोब्रिच या खेड्यांत त्याचा मुलगा आंद्रेआस इ. स. १६७८ त व धाकटा गोटफ्रीड इ. स. १६८३ त जन्मला. आंद्रेआस ऑर्गन बांधण्याची विद्या शिकून पश्चिमेकडे गेला व अठराव्या शतकाच्या आरंभीं अल्सेसच्या राजधानींत, म्हणजे स्ट्रासबर्ग येथें, स्थायिक झाला. हें शहर इ. स. १६८१ पासून फ्रान्सच्या राजाकडे गेलेलें होतें. भाषा जर्मन, अंमल फ्रेंच, अशी तेथील स्थिति. इ. स. १७०२ त गोटफ्रीड भावापाशीं शिकावयास आला. पुढें १७०४ ते १७०६ या काळांत आंद्रेआस पॅरिस येथें फ्रांस्वा तिएरी या नामांकित ऑर्गनकाराकडे राहिला. मूळची सॅक्सन सुतारी व पॅरिसची नादाविषयींची अभिरुचि, यांचा मिलाफ या घराण्यांत झाला तो येथें.

आंद्रेआसच्या कामांपैकीं मार्मूतिए येथील मठाचा ऑर्गन (१७१०) व एबर्समुन्स्टर येथील ऑर्गन (१७३२) हे आजही उभे आहेत. स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलमध्यें भिंतीला पक्ष्याच्या घरट्याप्रमाणें लटकणारें ऑर्गनचें जुनें लांकडी कवच आहे. त्यांत त्यानें १७१६ सालीं नवें वाद्य बसविलें. त्यानें एकंदर सुमारें पस्तीस वाद्यें बांधलीं व तो १७३४ सालीं वारला.

गोटफ्रीड १७१० सालीं सॅक्सनीस परतला. फ्रायबर्ग येथील कॅथीड्रलच्या ऑर्गनचा करार त्याच वर्षीं त्याच्याशीं झाला व १७१४ सालीं तें काम पुरें झालें. पट्ट्यांचे तीन थर, नळ्यांच्या ४४ जाति व अडीच हजारांहून अधिक नळ्या, असा त्याचा व्याप आहे. त्या वेळीं त्याचें वय अवघें एकतीस वर्षांचें होतें. पुढें फ्रायबर्ग हेंच त्याच्या कारखान्याचें ठाणें झालें, आणि १७२३ सालीं त्यास दरबारी ऑर्गनकार हा किताब मिळाला. त्यानें सुमारें पन्नास वाद्यें बांधलीं, पैकीं एकतीस आज अस्तित्वांत आहेत. इतक्या जुन्या कारखान्याचीं इतकीं वाद्यें टिकलीं, ही गोष्ट विरळा होय.

(४)

आतां पुराव्याकडे वळूं. गोटफ्रीडच्या कारखान्याचें असें दफ्तर उरलेलें नाहीं. त्याच्याविषयीं जें निश्चित ठाऊक आहे तें दुसऱ्यांच्या दफ्तरांतून: चर्चांनीं जपलेले करार, नगरसभांचे हिशेब, वाद्य तपासणाऱ्यांचीं प्रमाणपत्रें व कज्जांचे कागद. असले कागद घरचे नसले तरी किती उपयोगी पडतात, याचे दोन दाखले देतों.

पहिला दाखला धंद्याच्या नियमांचा. झाखारियस हिल्डेब्रांट हा गोटफ्रीडचा शिष्य. गुरूच्या धंद्यास बाध येईल असें काम सॅक्सनींत किंवा अल्सेसमध्यें करूं नये, असें बंधन त्यानें शिकतांना पत्करिलें होतें. म्हणजे दोन भावांनीं दोन मुलूख आपापले मानिले होते, व शिष्यास दोन्हींकडे मज्जाव होता. शिष्यानें पुढें स्वतंत्र कामें घेतलीं तेव्हां तंटा उपस्थित झाला. आपल्याकडील बलुत्याच्या वतनावरून होणारे वाद ज्यांनीं वाचिले आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. परंतु तंटा कायमचा राहिला नाहीं. इ. स. १७४६ त नाउमबुर्ग येथील हिल्डेब्रांटचा मोठा ऑर्गन तपासावयास जे दोघे परीक्षक आले, त्यांत एक होता संगीतकार सेबास्टियन बाख व दुसरा स्वतः गोटफ्रीड.

दुसरा दाखला एका पावतीचा. गोटफ्रीड ऑर्गनखेरीज त्या काळीं नवीन असलेला पियानोही करीत असे. बाखानें त्याच्या पहिल्या पियानोंस नांवें ठेविलीं, पट्ट्या जड व वरचे स्वर दुबळे आहेत असें सांगितलें, कारागीर रागावला, परंतु त्यानें दोष सुधारिले आणि मग बाखानें तें वाद्य वाखाणिलें, अशी हकीकत बाखाचा शिष्य आग्रिकोला यानें लिहिलेली आहे. ती पुष्कळ वर्षांनीं, १७६८ सालीं छापली गेली. एवढ्यावरून ती निर्विवाद मानतां आली नसती. परंतु मे १७४९ मधील बाखाच्या सहीची एक पावती उपलब्ध आहे. पोलंडांतील ब्रानित्स्की नांवाच्या सरदारास विकलेल्या पियानोबद्दल ११५ थालर पोंचल्याची ती पावती होय. ज्याला नांवें ठेविलीं तेंच वाद्य विकून देण्यास बाख मध्यस्थ झाला, एवढें या चिटोऱ्यानें सिद्ध होतें, आणि हकीकतीच्या शेवटास बळकटी येते. एक पावती किती बोलते, हें संग्राहकांस सांगावयास नको.

तथापि बाहेरच्या कागदांची मर्यादा आहे. करारांत नळ्यांच्या जाति, किंमत व मुदत येते. मुख किती कापलें, घेर कसा ठरविला, हें येत नाहीं. वाद्याचे स्वर गोटफ्रीड कोणत्या प्रमाणानें लावीत असे, हें आपणांस मुख्यतः त्याच्या टीकाकारांमुळें कळतें. गेओर्ग आंद्रेआस सोर्गे यानें त्या पद्धतीवर कडक लेखन केलें. कांहीं सुरावटी त्यांत सहन होत नाहींत असा त्याचा आक्षेप होता. ज्याच्या वाद्याची कीर्ति देशभर, त्याच्या स्वर लावण्याच्या रीतीस प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकावें लागतें! चार्वाकांचीं मतें आपणांस बहुधा त्यांच्या खंडनांतूनच मिळतात, त्यांतलाच हा प्रकार.

(५)

अल्सेसमधील शाखेची गोष्ट निराळी आहे. आंद्रेआसचा मुलगा योहान आंद्रेआस (१७१२–१७८३) यानें पित्याचा कारखाना पुढें चालविला व पन्नासांहून अधिक ऑर्गन बांधले. स्ट्रासबर्गचें सेंट टॉमस चर्च (१७४१) व स्वित्झर्लंडांतील आर्लेसहाइम (१७६१) येथील त्याचीं वाद्यें प्रसिद्ध आहेत. परंतु आपणांस त्याचें महत्त्व दुसऱ्या कारणानें आहे. हा कारागीर आपल्यापैकींच एक होता. त्यास जुन्या वास्तु, जुने नकाशे व जुने लेख यांचा नाद होता. त्यानें स्ट्रासबर्ग शहराचा स्थलेतिहास लिहून १७७५ सालीं छापला, आणि होहेनबुर्ग या डोंगरावरील प्राचीन मठाचें वर्णन १७८१ सालीं प्रसिद्ध केलें.

जी शोधकबुद्धि त्यानें शहराच्या तटबंदीस लाविली तीच स्वतःच्या धंद्यास लाविली. पित्याचीं टिपणें त्यानें जपलीं व त्यांत स्वतःचीं भर घातली. आपण व पित्यानें बांधलेल्या वाद्यांची हकीकत, नळ्यांच्या जाति, करार, किंमती, दुरुस्त्या, हें तर त्यांत आहेच. पण दुसऱ्या ऑर्गनकारांचीं वाद्येंही तो आंत शिरून पाही व जें दिसेल तें टिपून ठेवी. कोणाचें काम चांगलें, कोणाचें लबाडीचें, कोणता वादक अडाणी, कोणत्या मठांत पैशासाठीं घासाघीस झाली, हें त्यानें तिखट शब्दांत लिहिलें आहे. छापण्याकरितां नव्हे, घरच्या उपयोगाकरितां लिहिलेलें असल्यामुळें त्यांत भीडभाड नाहीं. १७४१ सालीं तो चुलत्याच्या भेटीस सॅक्सनींत गेला, तेव्हांची प्रवासवहीही उपलब्ध आहे. पुष्कळ काळ खासगी मालकींत राहून ती आतां ड्रेस्डेन येथील सरकारी ग्रंथालयांत आली आहे. ज्या चुलत्याचें स्वतःचें दफ्तर नाहीं, त्याच्या कारखान्यावर पुतण्याच्या वहीनें प्रकाश पडावा, हा योग ध्यानांत घेण्यासारखा आहे.

योहान आंद्रेआसच्या पश्चात् त्याचा मुलगा योहान योसियस हा १७८६ सालीं अल्पवयांतच वारला, व ऑर्गन बांधणारी ही शाखा खुंटली. कारखाना परक्या हातीं गेला. कागद मात्र राहिले. मार्क शेफर या पंडितांनीं ते संपादून १९९४ सालीं विंटरथुर येथें ‘झिल्बरमान दफ्तर’ या अर्थाच्या नांवानें छापविले. लिहिणाऱ्याच्या मृत्यूस तोंपर्यंत दोनशें अकरा वर्षें झालीं होतीं.

(६)

या कागदांची किंमत कळण्यास एक रात्र पुरेशी आहे. स्ट्रासबर्ग येथें ‘नवें चर्च’ म्हणून जुन्या मठाची एक मोठी इमारत होती. तींत योहान आंद्रेआसनें १७४९ सालीं बांधलेला ऑर्गन होता. मोझार्ट १७७८ सालीं त्या शहरीं आला तेव्हां त्यानें वाजविलेल्या दोन झिल्बरमान वाद्यांपैकीं एक हें, व दुसरें सेंट टॉमसचें. त्याच इमारतीच्या एका भागांत शहराचें ग्रंथालय होतें. फ्रान्स व प्रशिया यांच्या युद्धांत जर्मन सैन्यानें शहरास वेढा घातला, आणि २४ ऑगस्ट १८७० च्या रात्रीं तोफांच्या माऱ्यानें ती सर्व इमारत पेटली. हजारों हस्तलिखितें जळालीं. त्यांतच बाराव्या शतकांत होहेनबुर्गच्या मठांत हेराड या अधिकारिणीनें सिद्ध केलेला ‘होर्तुस देलिकियारुम’, म्हणजे ‘आनंदवन’, हा सचित्र ग्रंथ गेला. त्याच मठाचें वर्णन आमच्या ऑर्गनकारानें लिहिलें होतें. आणि त्याच आगींत त्याचा ऑर्गनही वितळला.

ग्रंथ गेला, परंतु त्याच्या चित्रांच्या व पाठाच्या कांहीं नकला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अभ्यासकांनीं करून घेतल्या होत्या; त्यांवरून त्याचें स्वरूप आज आपण जाणतों. ऑर्गन गेला, परंतु त्याच्या कर्त्याचे कागद त्या आगीबाहेर होते. एकाच राखेंतून ग्रंथ व वाद्य दोन्ही जें कांहीं वांचलें तें लेखणीनें वांचविलें. तांब्यापितळेहून, कथलाहून व ओकाच्या लाकडाहून कागद अधिक टिकाऊ ठरतो तो याच अर्थानें: त्याची नकल होऊं शकते.

(७)

पुढच्या शतकानें हेंच पुनः दाखविलें. १९०६ सालीं अल्बर्ट श्वाइट्झर यांनीं जर्मन व फ्रेंच ऑर्गनविद्येवर एक पुस्तिका लिहून जुनीं वाद्यें मोडून कारखानदारी पद्धतीचीं नवीं बसविण्याच्या प्रघाताविरुद्ध आवाज उठविला. स्ट्रासबर्गच्या सेंट टॉमस चर्चमधील झिल्बरमान वाद्याच्या रक्षणासाठींही ते झटले. लवकरच पहिलें महायुद्ध आलें, आणि १९१७ सालीं जर्मनींत सैन्याच्या गरजेसाठीं चर्चांतील ऑर्गनच्या दर्शनी नळ्या कथलाकरितां काढून नेण्यांत आल्या. १९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले. गोटफ्रीडनें १७३६ सालीं पुरा केलेला, व बाखानें त्याच वर्षाच्या १ डिसेंबर रोजीं वाजविलेला, तेथील फ्राउएनकिर्शचा ऑर्गन चर्चसह नष्ट झाला. तेथीलच दरबारी चर्चचा ऑर्गन ही गोटफ्रीडची शेवटची मोठी कृति. १७५३ सालीं त्यास मृत्यु आल्यावर ती हिल्डेब्रांटनें १७५५ सालीं पुरी केली होती. त्याच्या नळ्या मात्र आदल्या वर्षींच सुरक्षित स्थळीं हलविलेल्या असल्यामुळें वांचल्या.

फ्राउएनकिर्श पुनः बांधून २००५ सालीं तिचें उद्घाटन झालें, तेव्हां ऑर्गन कोणता करावा यावर कडाक्याचा वाद माजला. एक पक्ष म्हणे, १७३६ चें वाद्य जसेंच्या तसें करावें. दुसरा म्हणे, आजच्या उपासनेस व संगीतास उपयोगी पडेल असें मोठें करावें. शेवटीं झिल्बरमानच्या नळ्यांच्या जाति पायाभूत धरून त्यांत भर घातलेलें, पट्ट्यांचे चार थर असलेलें वाद्य झालें. तें बांधिलें स्ट्रासबर्गच्या केर्न कारखान्यानें. हा कारखानाही घराण्याचाच. तीनशें वर्षांपूर्वीं धाकटा भाऊ विद्या शिकून स्ट्रासबर्गहून सॅक्सनीस गेला, त्याच वाटेनें विद्या पुनः गेली. आमच्या मतें त्या वादांत दोन्ही पक्षांची बाजू ऐकण्यासारखी आहे. परंतु वाद करतां आला हेंच मुळीं जुने करार, मापें व वांचलेल्या इतर वाद्यांचीं परीक्षणें हातीं होतीं म्हणून. कागद नसता तर ‘जसेंच्या तसें’ या शब्दांस अर्थच राहिला नसता.

(८)

आतां आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देऊन लेख संपवितों. सुमारें तीस वर्षांपूर्वीं देशावरील एका गांवीं जुन्या वाड्याच्या माळ्यावर कागद पाहण्याची संधि आम्हांस मिळाली. दोन दिवस आम्हीं रुमाल चाळले. त्यांत एक लांबट वही निघाली. ती कोणा सुताराची असून तींत खांब, तुळया, महिरपी यांचीं मापें, आंकड्यांखालीं रेघा, मधून मधून पखवाजाच्या खोडाचीं मापें, व लाकूड कोठून आणिलें याच्या नोंदी होत्या. शिक्का नाहीं, तारीख नाहीं, कोणा सरदाराचें नांव नाहीं. आम्हीं ती बाजूस ठेविली व एक साधी इनामपत्राची नकल मोठ्या आनंदानें उतरून घेतली. पुढील वर्षीं पुनः गेलों तेव्हां घरधन्यांनीं सांगितलें, ‘गुरुजी, तुम्हीं निवडून ठेवलेले कागद जपून ठेवले आहेत, टाकलेले होते ते बंबांत गेले.’ त्यांचा दोष नव्हता. निवड आमची होती.

त्या वहींत काय होतें, हें आतां कधींच कळणार नाहीं. झिल्बरमानच्या टिपणांचें संपादन वाचतांना पानोपानीं ती वही आठवली. राजाचा हुकूम चार दफ्तरांत नोंदला जातो, म्हणून एक प्रत गेली तरी दुसरी सांपडते. कारागिराची वही एकच असते. तिची दुसरी प्रत कोणत्याही सरकारांत नाहीं. म्हणून आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति आहे कीं, रुमाल सोडतांना मापांची, मजुरीची किंवा मालाची वही हातीं लागल्यास ती निदान नकलून तरी घ्यावी, व मालकास ती जपण्यास सांगावें. तिचा अर्थ लावणारा आज नसेल, दोनशें वर्षांनीं येईल. त्याच्यासाठीं ती बंबाबाहेर ठेवणें एवढें काम मात्र आपलें आहे.